घरी नमुना घ्यायचं एचपीव्ही किट: डबी उघडण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी पुढे ढकलण्याची कारणं ठरलेली असतात. टेबलावर झोपायची लाज वाटते, स्पेक्युलमची (योनी उघडून धरणाऱ्या उपकरणाची) भीती वाटते, आणि "मला काही त्रासच नाही, मग कशाला?" असंही वाटतं. पहिल्या दोन कारणांवर हे किट खरोखर चांगला उपाय आहे. तिसरं कारण म्हणजे एक चुकीची समजूत आहे. कॅन्सरच्या आधीची जी अवस्था पकडण्यासाठी ही तपासणी असते, त्या अवस्थेत कुणालाच काही त्रास होत नाही. त्रास सुरू होईपर्यंत थांबणं म्हणजे तपासणीची वेळ हातची घालवणं.

निकाल आधीच सांगतो. त्रास नसलेल्या, तिशी ओलांडलेल्या आणि कधीच तपासणी न केलेल्या किंवा बरीच वर्षं टाळलेल्या बाईने हे किट जरूर वापरावं. अंगावरून अवेळी रक्त जात असेल, संबंधांनंतर रक्त दिसत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा डाग लागत असतील किंवा दुर्गंधी असलेला स्राव होत असेल, तर मात्र किट मागवू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन आतून तपासून घ्या. हे किट एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू शोधतं. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर त्याच्यामुळे होतात, पण काही थोड्या कॅन्सरमध्ये तो सापडत नाही. अशा वेळी निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरून घरी बसणं जिवावर बेतू शकतं.

किट काय तपासतं

या किटकडून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: आत्ता योनीतून घेतलेल्या नमुन्यात धोकादायक गटातल्या एचपीव्हीचा डीएनए आहे की नाही. कॅन्सर आहे का, हे त्यातून कळत नाही. बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात, कारण उत्तर एका प्रश्नाचं असतं आणि वाचणारी ते दुसऱ्याच प्रश्नाचं म्हणून वाचते.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले साधारण चौदा धोकादायक मानले जातात, आणि त्यातही १६ व १८ हे दोन प्रकार मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये हे दोन प्रकार कॅन्सरच्या गाठींतून वेगळे करून दाखवले, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. ६ आणि ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, कॅन्सर होत नाही. म्हणून "अठ्ठावीस प्रकार तपासतो" अशी जाहिरात करणारं किट जास्त चांगलं असतं असं नाही. कमी धोक्याचे प्रकार सापडल्याने उपचारात काही बदल होत नाही, डोक्याला घोर मात्र लागतो.

विषाणू शिरला की कॅन्सर झाला, असंही नाही. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच दोनेक वर्षांत निपटून टाकतं. जो संसर्ग वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो, त्यातून पेशी बदलायला लागतात. सर्वसाधारण प्रतिकारशक्ती असलेल्या बाईत तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असेल, उदाहरणार्थ उपचार न घेतलेला एचआयव्ही असेल, तर हाच काळ ५ ते १० वर्षांवर येतो. तपासणीला एवढा मोठा अवधी मिळणारे कॅन्सर फार थोडे आहेत.

विशीतल्या मुलींसाठी हे किट नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वयात संसर्ग सर्रास आढळतो आणि सर्रास निघूनही जातो. पॉझिटिव्ह रिपोर्टमधून हाती लागतात त्या नुसत्या चकरा आणि नको असलेले उपचार. जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण महिलांना तिसाव्या वर्षापासून, दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या महिलांनी पंचविसाव्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी करावी. काही देशांच्या कार्यक्रमांत सगळ्यांसाठीच सुरुवात पंचविशीत होते.

डबीत काय असतं

एक स्वॅब किंवा ब्रश, एक नळी, नावाचं लेबल, बंद होणारी पिशवी आणि माहितीपत्रक. स्वॅबचं टोक कापसासारखं दिसतं, पण चांगल्या किटमध्ये ते नायलॉनच्या बारीक तंतूंचं असतं. असं टोक पेशी पटकन धरून ठेवतं आणि प्रयोगशाळेत पटकन सोडतंही. दांड्यावर दोन खुणा असू शकतात. एक किती आत घालायचं ते दाखवते, आणि दुसऱ्या ठिकाणी दांडा मुद्दाम कमजोर केलेला असतो, तिथून तो मोडायचा असतो. या दोन खुणांची गल्लत फार जण करतात, म्हणून पत्रकातलं चित्र आधी नीट बघा.

नळी कोरडी असते किंवा तिच्यात द्रव असतो. कोरडी नळी वापरायला सोपी असते, त्यात सांडण्यासारखं काही नसतं. द्रवाच्या नळीत काही वेळा मेथॅनॉल असतं. तो द्रव डोळ्यांत जाऊ देऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि आचेजवळ ठेवू नये. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वॅब आत घालण्याआधी त्या द्रवात बुडवायचा नसतो. ओला केला तर सहज जाईल, असं वाटून ही चूक होते. त्याने आतून आग होते आणि नमुनाही बिघडतो.

नमुना कसा घ्यायचा

पाळी चालू असताना घेऊ नका. आधीचे दोन दिवस योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, वंगण वापरू नका, आतून धुऊही नका. या सगळ्यांमुळे पेशी कमी मिळतात किंवा चाचणीच्या रसायनांना अडथळा होतो.

लेबलवर नाव आणि तारीख आधी लिहा. नंतर हात ओले असतात, घाई असते आणि तारीख राहून जाते. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. उकिडवं बसा, किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा, किंवा गुडघे दुमडून आडव्या व्हा. मासिक पाळीचा कप वापरणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. एका हाताने बाहेरच्या पाकळ्या बाजूला करा. दुसऱ्या हाताने स्वॅब खुणेजवळ धरा आणि सरळ वर न नेता थोडा मागे, कमरेच्या खालच्या मणक्याच्या दिशेने आत सरकवा. योनीची दिशा तशीच तिरकी असते. सरळ वर ढकलणाऱ्या बाईला स्वॅब अडल्यासारखा वाटतो, दुखतं, आणि ती अर्ध्यातच सोडून देते.

आत किती? साधारण ५ सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या अर्ध्या लांबीइतकं. गर्भाशयमुखाला स्पर्श व्हायलाच हवा, ही समजूत चुकीची आहे. तिथून सुटलेल्या पेशी आणि विषाणू योनीत उतरलेले असतात आणि ही चाचणी तेच मोजते. मग स्वॅब भिंतींना लागेल असा २० ते ३० सेकंद सावकाश गोल फिरवा. मनातल्या मनात तीस आकडे मोजा. भीतीपोटी पाच सेकंदांतच बाहेर काढणं ही नेहमीची चूक. ब्रश असेल तर पत्रकात दिलेले फेरे पूर्ण करा. एका प्रचलित ब्रशला दोन बाजूंना पंख असतात, ते अंगाला टेकले की पुढे ढकलायचं नसतं, आणि प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येतो. असे पाच आवाज ऐकायचे.

बाहेर काढताना टोक कुठेच टेकवू नका. नळीत घाला, खुणेवर दांडा मोडा, झाकण घट्ट लावा. टोक जमिनीवर पडलं तर पुसून वापरू नका, नवीन किट मागा. रक्ताचा हलका डाग दिसला तर घाबरायचं कारण नाही. पाळी गेलेल्या बायकांत आतला थर कोरडा आणि नाजूक असतो, त्यांना असं होऊ शकतं.

नमुना पुरेसा आला की नाही हे नुसतं बघून कळत नाही. पण चांगल्या चाचण्यांत विषाणूसोबत माणसाच्या पेशीतलं एक जनुकही शोधलं जातं. ते सापडलं नाही तर रिपोर्ट "अवैध" किंवा "अनिर्णित" येतो. त्याचा अर्थ निगेटिव्ह असा नाही, नमुना पुन्हा घ्यायचा आहे एवढाच. हा फरक पत्रकात ठळक छापलेला असायला हवा. नसेल तर आम्ही त्या किटचे गुण कापतो.

पॅपच्या तुलनेत

पॅप तपासणीत डॉक्टर गर्भाशयमुखावरून पेशी खरवडून काचेवर पसरतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. जॉर्ज पापानिकोलाऊ आणि हर्बर्ट ट्रॉट यांचं यावरचं पुस्तक १९४३ मध्ये आलं, आणि या पद्धतीने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती हातांवर आणि डोळ्यांवर अवलंबून आहे. काच लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी हवेत सुकतात, त्यांची केंद्रकं फुगून फिकट होतात आणि पाहणाऱ्याला काही ठरवता येत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांचे २००६ मध्ये एकत्र केलेले आकडे पाहिले, तर मध्यम ते गंभीर कॅन्सरपूर्व बदल पॅपने सुमारे ५३ टक्के पकडले, एचपीव्ही तपासणीने सुमारे ९६ टक्के. पॅप निरुपयोगी नाही, पण एकदाच्या नॉर्मल पॅपवर फार विसंबता येत नाही, म्हणून ती वारंवार करावी लागते.

डॉक्टरांनी घेतलेला आणि बाईने स्वतः घेतलेला नमुना, यात पीसीआर पद्धतीच्या, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून शोधणाऱ्या चाचणीत जवळजवळ फरक पडत नाही. संदेश वाढवून मोजणाऱ्या जुन्या पद्धतींत मात्र स्वतः घेतलेला नमुना मागे पडतो. म्हणून "पीसीआर आहे का" हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ पासून पॅपऐवजी एचपीव्ही तपासणी घेतली आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक पात्र महिलेला स्वतः नमुना घेण्याचा पर्याय दिला.

या किटची एक मोठी मर्यादा आहे. याच नमुन्यावर पॅप करता येत नाही, कारण त्यात गर्भाशयमुखावरच्या पेशी नीट आलेल्या नसतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर डॉक्टरांकडे जावंच लागतं.

रिपोर्ट वाचताना

निगेटिव्ह आला आणि काही त्रास नसेल, तर पुढची तपासणी साधारण पाच वर्षांनी. दरवर्षी करून जास्त सुरक्षितता मिळत नाही.

पॉझिटिव्ह आला तर कोणता प्रकार ते पाहा. १६ किंवा १८ असेल तर सहसा थेट कोल्पोस्कोपी करतात. "इतर धोकादायक प्रकार" असं असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी पॅप करून मग ठरवतात. कोल्पोस्कोपीत गर्भाशयमुखावर ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून मोठं करून पाहतात. बदललेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या पडतात आणि तिथून काही मिलिमीटरचा तुकडा बायोप्सीसाठी घेतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे साफ चूक आहे. तुकडा न काढल्यामुळे निदान लांबतं आणि नुकसान त्यानेच होतं.

बायोप्सीत कॅन्सरपूर्व बदलांना सीआयएन म्हणतात, आकडा जितका मोठा तितका बदल गंभीर. सीआयएन १ आलं तर ते बहुतेक वेळा आपोआप मावळतं, फक्त लक्ष ठेवायचं. सीआयएन ३ हा खरा इशारा. उपचार केले नाहीत तर तीस वर्षांत साधारण ३० टक्के बायकांत त्याचा कॅन्सर होतो. उपचार मात्र छोटा असतो: १०० अंशांवर तापलेलं टोक २० ते ३० सेकंद टेकवून तो भाग जाळणं, किंवा विजेच्या तारेच्या फासाने तेवढाच भाग काढणं. याला गर्भाशयाची पिशवी काढावी लागत नाही. तारेने खोलवर भाग काढला तर पुढच्या गरोदरपणात दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढते. मूल हवं असेल तर हे आधीच बोलून घ्या.

पॉझिटिव्ह रिपोर्टवरून घराघरांत जे संशय उभे राहतात, त्यांना शास्त्राचा काडीचा आधार नाही. एचपीव्ही मुख्यतः शरीरसंबंधांत, त्वचेच्या स्पर्शातून पसरतो आणि कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडलेला विषाणू गेल्या महिन्यातला की पंधरा वर्षांपूर्वीचा, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्या बाईलाही तो होतो. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. एकाच ताटात जेवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने हा कॅन्सर होत नाही, आणि तो आईकडून मुलीकडे वारशाने येणारा आजारही नाही. तंबाखूने मात्र धोका खरोखर वाढतो.

"पिशवीच्या तोंडाला जखम"

या एका वाक्यामुळे बायकांचं फार नुकसान झालं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. गर्भाशयमुखाच्या आतल्या मार्गात पेशींचा एकच पदर असतो, बाहेरच्या बाजूला अनेक. तरुणपणी, गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना आतला एकपदरी भाग बाहेर सरकतो. पदर पातळ असल्याने खालच्या रक्तवाहिन्या दिसतात आणि जागा लालभडक वाटते. ती जखम नसते आणि कॅन्सरची पहिली पायरीही नसते. नुसत्या डोळ्यांना लाल दिसलं म्हणून "पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला, तर आधी एचपीव्ही किंवा पॅपचा रिपोर्ट मागा, गरज असेल तर बायोप्सीचा, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

तीच गोष्ट पांढऱ्या पाण्याची. बहुतेक वेळा ते नैसर्गिक किंवा साध्या जंतुसंसर्गाचं असतं. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी झाली असं होत नाही, पेशींतले बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत. रक्ततपासणीतही ते कळत नाहीत. उलट एचपीव्ही किट किंवा पॅप केली म्हणून अंडाशयाची किंवा गर्भाशयाच्या आतल्या कॅन्सरची तपासणी झाली असंही समजू नका. कॉपर-टीमुळे हा कॅन्सर होत नाही.

पिशवी काढलेली असेल तर ऑपरेशनचे कागद बघा. काही ऑपरेशनमध्ये गर्भाशयाचं तोंड जागेवरच ठेवतात, त्या बायकांना तपासणी लागतेच. पाळी गेली म्हणूनही सुटका नाही. पन्नाशीनंतर, ठरल्या अंतराने केलेल्या लागोपाठ दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या तर थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. जिची एकदाही झालेली नाही, तिने पन्नाशीनंतरही करावी.

लस घेतली असेल तर

लसीत विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एकच प्रथिन असतं, आत डीएनए नसतो. त्यामुळे लसीने संसर्ग होत नाही, कॅन्सर होत नाही, वंध्यत्व येत नाही आणि या किटचा रिपोर्ट पॉझिटिव्हही येत नाही. आधी झालेला संसर्ग मात्र ती बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय सांगितलं जातं. स्वीडनमधल्या २०२० च्या अभ्यासात सतराव्या वर्षाच्या आत लस घेतलेल्यांत हा कॅन्सर ८८ टक्के कमी आढळला. तरी लस सगळे प्रकार झाकत नाही. घेतलेल्या बाईनेही तपासणी सोडू नये.

मागवण्याआधी काय विचारायचं

किट विकणाऱ्याला हे प्रश्न विचारा आणि गोलमाल उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघा. ही चाचणी स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी प्रमाणित आहे का? १६ आणि १८ वेगळे दाखवते का? नमुना घेतल्यावर किती दिवसांत आणि कोणत्या तापमानात पोचला पाहिजे? रिपोर्ट अवैध आला तर दुसरं किट मिळतं का? आणि पॉझिटिव्ह आला तर फोनवर समजावून सांगणारं माणूस आहे का, की नुसती पीडीएफ येते? शेवटच्या प्रश्नावर बरीच किटं घसरतात. तुमच्या बाजूनेही एक काम करून ठेवा: आपल्याला कोल्पोस्कोपी कुठे करता येईल ते किट मागवण्याआधीच शोधा आणि तो नंबर रिपोर्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.